नगरपरिषदेकडची तक्रार तडीस कशी न्यावी

नगरपरिषदेकडे गेलेल्या बहुतेक तक्रारी कोणी मुद्दाम दाबत नाही. त्या चुकीच्या टेबलावर जातात, नाहीतर तोंडीच राहतात. ‘साहेबांना भेटून आलो’, ‘मुकादमाला फोन केला होता’, ‘नगरसेवकाच्या ग्रुपवर फोटो टाकला’ यांपैकी कशाचीही नोंद कार्यालयात होत नाही. ज्याची नोंद नाही त्याचं उत्तर द्यायला कोणी बांधील नसतं.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. त्यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. महानगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत. उदाहरण म्हणून घरासमोरचं तुंबलेलं गटार घेतलं आहे, कारण छोट्या शहरातली सगळ्यांत नेहमीची तक्रार तीच, आणि तिच्यात नगरपरिषदेचे जवळजवळ सगळे विभाग येतात.

आधी काम कोणाचं ते ठरवा

रस्तेसफाई, सांडपाण्याचा निचरा, दिवाबत्ती, पाणीपुरवठा ही नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये दिली आहेत. तरीही शहरातली प्रत्येक गोष्ट तिच्या मालकीची नसते. शहरातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. विजेचे खांब आणि तारा महावितरणच्या असतात, पण त्यांवरचा दिवा नगरपरिषदेचा. एकच दिवा बंद असेल तर दिवाच गेलेला असतो. ओळीने सगळे बंद असतील तर बिघाड टायमरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असतो. खांबाला हात लावल्यावर झटका बसत असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी १९१२ वर फोन करा आणि खांबाजवळ कोणाला जाऊ देऊ नका.

नव्या वसाहतींत आणखी एक अडचण असते. लेआउट मंजूर झालेला असतो, प्लॉट विकले गेलेले असतात, पण आतले रस्ते आणि मोकळी जागा विकासकाने नगरपरिषदेकडे हस्तांतरित केलेली नसते. अशा ठिकाणी ‘निधी खर्च करता येत नाही’ हे उत्तर वर्षानुवर्षं मिळत राहतं. तिथे गटाराचा अर्ज देण्याआधी नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रत मागा आणि हस्तांतरण झालं आहे का ते विचारा. झालं नसेल तर तुमचा पहिला अर्ज हस्तांतरणाचाच हवा.

जागा नगरपरिषदेचीच असेल तर आतला विभाग ओळखायचा. गटाराच्या बाबतीत घोळ नेमका इथे होतो. गाळ काढणं हे आरोग्य विभागाचं, म्हणजे स्वच्छता निरीक्षक आणि मुकादमाचं काम. फुटलेली भिंत, चुकलेला उतार, तुटलेला ढापा (गटारावरचं झाकण) हे बांधकाम विभागाचं. गटारातून आडवी गेलेली नळाची पाइप पाणीपुरवठा विभागाची. ‘गटार तुंबलंय’ एवढंच लिहिलेला अर्ज आरोग्य विभागाकडे जातो, दोन माणसं येऊन गाळ काढतात, अर्ज निकाली निघतो आणि पंधरा दिवसांत गटार पुन्हा भरतं. पुढचा अर्जही त्याच रस्त्याने जातो.

जागेवरची पाहणी

अर्ज लिहिण्याआधी गटार का तुंबतं ते पाहून ठेवा. गाळ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस नसताना जा. त्यात एक सुकं पान टाका. पान जागचं हलत नसेल किंवा मागे सरकत असेल तर उतार उलटा आहे, आणि कितीही गाळ काढला तरी पाणी वाहणार नाही. पान एका ठिकाणापर्यंत जाऊन अडकत असेल तर तिथे काय आहे ते शोधा: आडवी पाइप, घराकडे जाण्यासाठी टाकलेली फरशी, नाहीतर रस्त्याखालची बुजलेली मोरी. पाणी नीट वाहतं पण मोठ्या पावसातच रस्त्यावर येतं, असं असेल तर बहुधा पुढची मोरी अपुरी पडते. काढलेला गाळ गटाराच्या कडेलाच टाकून ठेवला जातो का हेही बघा. तो दोन दिवसांत उचलला नाही तर पहिल्या पावसात परत आत येतो. हा दोष बांधकामाचा नाही, देखरेखीचा आहे, आणि अर्जात तो तसाच लिहावा.

मोजमापाला टेप पुरते. लांबी मीटरमध्ये, साचलेल्या पाण्याची खोली इंचांत, आणि जागा ओळखण्यासाठी विजेच्या खांबाचा क्रमांक. ‘अमक्यांच्या घरासमोर’ असं लिहिलं तर पाहणीला आलेला माणूस विचारत फिरतो, आणि ज्यांचं नाव लिहिलं ते शेजारीही नाराज होतात. फोटो चार पुरेत: एक लांबून, ज्यात खांब किंवा शाळेची भिंत अशी खूण दिसेल, आणि तीन जवळून. मागच्या बाजूला तारीख घाला.

पाण्याची तक्रार असेल तर निरीक्षण वेगळं. नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी येतं ते सुरुवातीची पाच-दहा मिनिटं की पूर्ण वेळ, हे आधी लिहून ठेवा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ किंवा दिवसाआड सुटतं. पुरवठा बंद झाला की नळवाहिनीतला दाब जातो, आणि वाहिनी गटाराला लागून किंवा गटारातून जात असेल तर भेगेतून घाण आत शिरते. पुन्हा पाणी सोडल्यावर तीच घाण पहिल्या पाण्यात येते. नळाला थेट मोटर लावणारी घरं हा धोका वाढवतात, कारण मोटर वाहिनीतून ओढ घेते. गल्लीतल्या किती घरांना असं पाणी येतं आणि ते कोणत्या घरापासून सुरू होतं, हे क्रमाने लिहिलं तर गळतीची जागा निम्मी सापडते. सोबत क्लोरिनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करून मागा. पाण्याच्या नमुन्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे, नाही आला तर नाही. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं. जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागले असतील तर त्याच दिवशी नगरपरिषद आणि सरकारी दवाखाना दोन्हीकडे लेखी कळवा. जीवाणू तपासणीचा नमुना घरच्या बाटलीत भरू नये. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते, ती पाणीपुरवठा विभागाकडे मागा.

अर्ज

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा. प्रशासन तेच चालवतात आणि विभागांना आदेशही त्यांच्याच सहीने जातो. नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना प्रत द्या, पण मूळ अर्ज त्यांच्या नावे नको. एका अर्जात एकच विषय घ्या. गटार, दिवे आणि कुत्री एका कागदावर आली की तीन विभागांपैकी एक उत्तर देतो आणि अर्ज बंद होतो. नमुना असा:

> प्रति,
> मा. मुख्याधिकारी, … नगरपरिषद
>
> विषय : प्रभाग क्र. …, शाळा ते मारुती मंदिर रस्त्याच्या पूर्वेकडील गटाराचा उतार दुरुस्त करण्याबाबत.
>
> महोदय,
> वरील गटार खांब क्र. १४ पासून मोरीपर्यंत सुमारे ३५ मीटर लांबीत, गाळ काढल्यानंतरही वाहत नाही. दि. … व दि. … रोजी गाळ काढण्यात आला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ९ इंच पाणी साचलेले होते. खांब क्र. १७ जवळ नळाची पाइप गटारातून आडवी गेली आहे. तारखेसह ४ छायाचित्रे व हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे.
>
> विनंती : (१) कनिष्ठ अभियंत्यांमार्फत पाहणी करून गटाराची लेव्हल घ्यावी. (२) नळाची पाइप गटाराबाहेरून वळवावी. (३) केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती १५ दिवसांत द्यावी.
>
> नाव, पत्ता, मोबाइल, सही

‘जनतेत तीव्र असंतोष’, ‘अन्यथा आंदोलन छेडू’ अशी वाक्यं अर्जात घालू नका. अभियंत्याला त्यातून काही कळत नाही, आणि मूळ मुद्द्याची जागा ती खातात. सह्या घ्यायच्या असतील तर प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक हवा. अशा पंधरा सह्यांना नुसत्या शंभर सह्यांपेक्षा जास्त वजन असतं.

पोच

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. नुसता शिक्का मारून देतात, त्यावर क्रमांक नसतो. तो तिथेच मागून घ्या, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर चालतो. अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

चार-पाच दिवसांनी त्याच टेबलावर जाऊन अर्ज कोणत्या विभागात गेला ते विचारा. अर्जावर मुख्याधिकाऱ्यांचा शेरा आणि विभागाचं नाव पडलेलं असतं. विभाग चुकला असेल तर याच टप्प्यावर अधीक्षकांना सांगून बदलून घेता येतो. महिन्याने कळलं तर तो महिना वाया गेला.

फाइल कुठे थांबते

दुरुस्ती आणि नवं काम यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक चुकीची गोष्ट मागत राहतात. ढापा बसवणं, भिंतीचा तुकडा बांधणं, पाइप वळवणं अशी कामं देखभाल-दुरुस्तीच्या चालू तरतुदीतून किंवा वार्षिक ठेक्यातून होऊ शकतात. त्यासाठी पाहणी आणि विभागाचा आदेश पुरतो.

३५ मीटर गटार फोडून नव्या उताराने बांधायचं तर कनिष्ठ अभियंता कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून, येणार ते ठरतं, निविदा निघते आणि मग ठेकेदाराला काम सुरू करण्याचा, म्हणजे कार्यारंभ आदेश. यात काही महिने जाणारच. म्हणून ‘काम कधी होणार’ असं विचारून उपयोग नाही. ‘अंदाजपत्रक झालं का, त्याची रक्कम किती, कोणत्या लेखाशीर्षात टाकलं’ हे विचारा. अंदाजपत्रकच झालेलं नसेल तर बाकीची सगळी आश्वासनं पोकळ आहेत. आणि नवं बांधकाम मंजूर होईपर्यंत दर आठवड्याला गाळ काढण्याचा वेगळा अर्ज आरोग्य विभागासाठी चालू ठेवा. मोठं काम प्रस्तावित आहे म्हणून रोजची सफाईही थांबते, असं फार वेळा होतं.

सभागृहात विषय नेणं

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा किमान दोन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. तिची सूचना सदस्यांना सात पूर्ण दिवस आधी जाते, विशेष सभेची तीन दिवस आधी. त्यामुळे नगरसेवकाला सभेच्या आदल्या दिवशी भेटून उपयोग नाही. विषयपत्रिका तयार होण्याआधी, साधारण पंधरा दिवस, अर्जाची प्रत, फोटो आणि एका ओळीत ठरावाचा मसुदा द्या. विषयपत्रिकेत नसलेल्या, ऐनवेळच्या विषयात घेतो असं म्हटलं तर आग्रहाने नको म्हणा. ऐनवेळच्या ठरावांवर नंतर हरकती येतात, आणि बेकायदा ठरलेल्या ठरावाची अंमलबजावणी कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

सदनाने एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं नाही तर सभा नागरिकांना बसून ऐकता येते. बोलता मात्र येत नाही. नंतर इतिवृत्ताची प्रत घ्या आणि ठराव क्रमांक तुमच्या फाइलवर लिहा. बरीच वर्षं निवडणुका न झाल्याने डिसेंबर २०२५ पर्यंत अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. तुमचं काम त्या काळात मंजूर झालं असेल तर ते प्रशासकांच्या ठरावांत शोधावं लागेल, सभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही.

नगरपरिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकावरची सभा फेब्रुवारीच्या आसपास होते, पण आकडे त्याआधीच बसवलेले असतात. नव्या गटाराची, रस्त्याची मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखी पोहोचली पाहिजे.

दाखले आणि घरपट्टी

जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना तक्रारीची वाट लागू नाही. तिथे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चालतो. सेवांची यादी, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयात फलकावर लावलेली असली पाहिजे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हातात अर्ज क्रमांक असेल तरच हे सगळं शक्य आहे, म्हणून दाखल्याचा अर्जही नुसता टेबलावर ठेवून येऊ नका.

घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. नोटीस आली की रक्कम बघून संतापण्याआधी मोजमाप बघा: क्षेत्रफळ, मजले, बांधकामाचा प्रकार, वर्ष, आणि वापर निवासी की व्यापारी. चुका बहुतेक इथेच असतात. जिन्याची जागा खोलीत धरलेली असते, पाडलेली पडवी अजून यादीत असते, एकच मिळकत दोन नावांनी लागलेली असते. हरकत ३० दिवसांच्या मुदतीत लेखी द्या, सोबत जुनी पावती, बांधकाम परवानगी आणि स्वतः केलेल्या मोजमापाचं रेखाचित्र जोडा. ‘कर फार वाढला’ ही हरकत टिकत नाही. ‘नोंद ९२ चौरस मीटर, प्रत्यक्ष ७४’ ही टिकते. वाद चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरा.

माहितीचा अर्ज

महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एक विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. ‘गटार का दुरुस्त केलं नाही’ असं विचारू नका, कारण कायदा खुलासे देत नाही, कागद देतो. असं लिहा: ‘आवक क्र. …, दि. … चा माझा अर्ज कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेला गेला याची नोंद, त्यावरील शेरे व टिप्पणीच्या प्रती, आणि पाहणी अहवालाची प्रत.’ उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

काम झालंय असं कागदावर दाखवलं असेल तर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. कुठून कुठपर्यंत, किती लांब, किती जाड काम झालं ते तिच्यातच असतं. टेप घेऊन जागेवर जुळवा. हाच कायदा कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क देतो.

वरचे दरवाजे

लोकशाही दिनाला अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तालुका लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला, तिथे न सुटल्यास महिन्याने जिल्ह्याला. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट विषय तिथे घेत नाहीत आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. म्हणून ‘आम्ही सर्व रहिवासी’ असा अर्ज परत येऊ शकतो. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याने एकट्याने, स्वतःच्या नुकसानीबद्दल द्यावा. याशिवाय जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा हीच नगरपरिषदेवर देखरेख ठेवणारी जागा आहे. तिथे अर्ज देताना नगरपरिषदेतल्या पोचेची प्रत जोडा.

सांडपाण्याने आरोग्य धोक्यात आलं असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. हेच पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी ते वापरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब फेटाळली गेली. ‘निधी नाही’ असं लेखी उत्तर तुमच्या हातात असेल तर ते जपून ठेवा. या दरवाजाशी तेच सगळ्यांत उपयोगी कागद ठरतं.

काम सुरू झाल्यावर

कार्यारंभ आदेशाची प्रत आधीच घेऊन ठेवा. त्यात लांबी, मुदत आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, असतो. काँक्रीट ओतण्याआधी तळाचा उतार बघा, नंतर बदलता येत नाही. ओतल्यावर किमान सात दिवस पाणी मारलं जातंय का ते पाहा. उन्हाळ्यात हे हमखास चुकवलं जातं आणि वर्षभरात पृष्ठभागाची माती होते. चर बुजवताना माती थराथराने ठोकली नाही तर पहिल्या पावसात शेजारचा रस्ता खचतो. काम संपल्यावर वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. ते न साचता मोरीपर्यंत गेलं पाहिजे. मध्ये थांबलं तर त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा, कारण अंतिम देयक निघायच्या आधी ठेकेदार येतो, नंतर येईलच असं नाही.

दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याआधीच्या पावसाळ्यात गटार पुन्हा एकदा तपासा, आणि तडा किंवा खचलेला भाग दिसला तर त्या तारखेच्या महिनाभर आधी अर्ज द्या. तोवर ठेकेदाराची अनामत नगरपरिषदेकडेच असते, आणि दुरुस्ती त्याच्या खर्चाने करून घेता येते.